दसऱ्याच्या सकाळी मुकं झालेलं कार्ड

आमच्या नात्यागोत्यात कुणाचंही यंत्र बिघडलं की पहिला फोन मला येतो, आणि खरं सांगायचं तर मला तो हवाच असतो. मी तंजावूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत राहणारी आमची मराठी माणसं एकमेकांकडे विचारपूस करायला जातात, तशी माझ्याकडे येताना प्रिंटर, मोबाइल, देवघरातली मंत्र म्हणणारी पेटी असं काहीबाही घेऊन येतात. बहुतेक वेळा मी ते दुरुस्त करून देते. माझा हात लागला की यंत्र वठणीवर येतं असा माझा लौकिक आहे, आणि तो पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे.

आता आत्याबद्दल सांगते. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. उभा जन्म तंजावूरजवळच्या तिरुवैयारुला राहून गाणं शिकवलं, आणि ते इतक्या कडकपणे की तिच्या शिष्यिणी स्वतः आज्या झाल्या तरी तिच्यासमोर पाय सोडून बसत नाहीत. अशा बाईचे कान गेले. एकदम नव्हे. आधी उंच आवाज गेले: कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, लहान मुलांची बडबड. मग वरच्या सप्तकातले स्वर धूसर झाले. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, त्यानं बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखं ऐकू यायचं, असं ती म्हणे. तिनं ते यंत्र डबीत घातलं, शिकवणी बंद केली, बिऱ्हाड आवरलं आणि आमच्याकडे राहायला आली. शिष्यांना कारण सांगितलं गुडघ्यांचं. कान गेलेत हे तिनं आमच्या घराबाहेर कुणालाही कळू दिलं नाही.

दिवसभर ती खिडकीपाशी बसून कोथिंबीर निवडायची. मला ते बघवेना. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता. त्याचा मूळचा आवाजाचा भाग केव्हाच जळलेला, पण कडेला एक खोबण होती, तिच्यात वेगळं कार्ड सरकवता येई. मी त्यात बसणारं एक चांगलं साउंड कार्ड शोधून काढलं. पत्त्याच्या कॅटइतक्या जाडीचंही नाही, बिस्किटाएवढं. त्याला मोठे हेडफोन आणि माइक जोडला आणि आत्याच्या कानांनी जे आवाज टाकून दिले होते तेवढेच उचलून देणारा एक प्रोग्रॅम बसवला. ब्लूटूथ आधी करून पाहिलं होतं, पण त्यात स्वर इतका उशिरा पोचे की ताल आणि गाणं यांची गाठच पडेना. कार्डावर मात्र सगळं जागच्या जागी आलं. पहिल्या दिवशी हेडफोन लावून तिनं तंबोरा ऐकला आणि मला हातानं खूण केली की जा, जेवायला बोलावू नकोस.

मग बंगळूरला असलेली तिची एक जुनी शिष्यीण व्हिडिओवरून पुन्हा शिकू लागली. ती आमच्याच गल्लीतली, मराठी घरातली. शिकवणी संपली की आत्या खटका दाबून कार्ड स्वतः बाहेर काढी, हातरुमालात गुंडाळी आणि उशाशी ठेवी. लॅपटॉप तसाच टेबलावर राहिला तर चाले, पण कार्डाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. मी ते आणलं होतं हे ती सोयीनं विसरली होती.

या वर्षी त्या शिष्यिणीनं विचारलं की माझ्या मुलीला विजयादशमीला पहिला पाठ द्याल का. मुलगी सहा वर्षांची. आमच्याकडे विद्येची सुरुवात करायला यापेक्षा चांगला दिवस नाही; पोरांचं तांदळातलं पहिलं अक्षरही त्याच दिवशी गिरवतात. आत्यानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मला कळत होतं का ते. आईचा भरदार आवाज वेगळा आणि पोरीचा बारीक आवाज वेगळा, आणि नेमके तेच आवाज तिच्या कानांनी सर्वांत आधी टाकले होते. शेवटी एका दुपारी ती मला म्हणाली:

"तिचा आवाज मज ऐकूं आला तर शिकवीन. नाही आला तर हे अस्क बंद करूं. मग कोणालाच शिकवायच नाही."

आमच्या बोलीत 'अस्क' म्हणजे सगळं. त्या मुलीच्या आईची शिकवणीसुद्धा त्यात आली. आत्या जे बोलते ते करते, म्हणून मला धसकाच बसला. पण वरवर मी म्हटलं, माझं कार्ड आहे, ऐकू न यायला काय झालंय.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा. इथे त्या दिवशी गावातली प्रत्येक कामाची वस्तू घासूनपुसून गंधकुंकू लावून देवापुढे जाते. बसच्या टपाला केळीचे खांब बांधतात, सुताराच्या करवतीला हार पडतो, आणि चुरमुरे, गूळ आणि सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ यांचे द्रोण दिवसभर या घरातून त्या घरात जातात. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत वापरायची नाही. पोरांची अभ्यासाची पुस्तकंही पूजेत जातात, ती उघडावी लागत नाहीत म्हणून तीही खूश. माझ्या नवऱ्यानं स्कूटर धुतली, विळीला धार लावली. मी माझ्या पद्धतीनं लॅपटॉपची साफसफाई करते: नको त्या फायली काढते आणि सगळी प्रणाली अद्ययावत करते. देवीपुढे शिळी प्रणाली ठेवायची नाही असा माझाच नियम आहे. यंदा त्यात नवा कर्नल आला.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, घरातला कर्ता म्हणा. कार्डाला त्याची भाषा येत नाही, म्हणून दोघांमध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. कर्नल बदलला की काही दुभाष्ये आपोआप जुळवून घेतात, काहींना नव्यानं तयार करावं लागतं. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्या जातीचा होता, बाहेरून आणून बसवलेला. हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी वाय-फाय पाहिलं, पडदा पाहिला, सगळं ठाकठीक वाटलं आणि मी लॅपटॉप देवीपुढे नेऊन ठेवला. आवाज पाहिला नाही, कारण कार्ड आत्याच्या रुमालात होतं आणि आत्या झोपली होती. एकदा पूजेत गेल्यावर तर मी लॅपटॉपच्या झाकणालाही हात लावला नसता. माझा देवावर विश्वास किती हा वेगळा प्रश्न आहे, पण हा नियम मी मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागणार होता, त्याच्या आत पाठ सुरू व्हायला हवा. पुनःपूजा झाली, आत्यानं रेशमी लुगडं नेसून कार्ड आपल्या हातानं खोबणीत सरकवलं आणि हेडफोन चढवले. पडद्यावर बंगळूरची मायलेकरं आली. मुलीनं परकर-चोळी घातली होती, डोक्यात अबोलीचा गजरा. तिनं नमस्कार केला. तिचे ओठ हलताना दिसत होते. आईनं काहीतरी सांगितलं असावं, मुलीनं तोंड उघडून लांब सूर लावला.

मी आत्याकडे पाहत होते. ती आधी पुढे वाकली. मग हेडफोन कानांवर दाबून धरले. मग तिनं ते सावकाश काढले, मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे पाहून हसली, एखाद्या पाहुण्याकडे पाहून हसावं तसं.

"झाल," ती मला म्हणाली. "कान गेले. अस्केच गेले."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या खुणेवर फुली होती. मी तिला ती दाखवली. म्हटलं, आत्या, कान नाही, कार्ड बोलत नाहीये, मलाही काही ऐकू येणार नाही, हे बघ. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. ठार शांतता. पण तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं मी समजूत घालतेय. आमच्या घरात म्हाताऱ्यांना वाईट बातमी अशीच गोडीगुलाबीनं सांगतात, आणि तिनं स्वतः कित्येकांना तशी सांगितली होती.

मी बंगळूरला फोन करून थोडा उशीर होईल असं कळवलं. तिकडून विचारलं की फोनवरच चालेल का. मी नाही म्हटलं, तिनं का ते विचारायच्या आत फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या. मनात म्हटलं, कर्नल! दुसरं कोण असणार? काल बदलला आणि आज आवाज बंद. चोर रंगेहाथ सापडलेला होता.

पाहिलं तर खरंच, कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयारच झाला नव्हता. तो बांधायला कर्नलच्या हेडर फायली लागतात, त्या अपग्रेडबरोबर आल्याच नव्हत्या. मी गालातल्या गालात हसले. फायली उतरवल्या, ड्रायव्हर बांधायला लावला. पडद्यावर ओळी सरसर वर जाऊ लागल्या, एकदोन ठिकाणी कुरकुर झाली, पण शेवटी ड्रायव्हर तयार झाला. नवऱ्यानं कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेला पेला, आणून ठेवला आणि विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालंच. ड्रायव्हर चढवायची आज्ञा दिली आणि उत्तर आलं की असं कुठलंही उपकरण नाही.

मी पुन्हा आज्ञा दिली. तेच उत्तर. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं. नवा कर्नल आला तरी जुना लगेच जात नाही. सुरू होताना यादीतून तो निवडता येतो. परवापर्यंत याच जुन्या कर्नलवर आत्यानं शिकवलं होतं. तो निवडला की आवाज येणारच, आणि राहुकाळाच्या आत पाठ होणारच. मी तसं आत्याला सांगूनही टाकलं.

जुना कर्नल सुरू झाला. फुली तशीच होती.

तेव्हा मात्र मी खुर्चीत मागे टेकले. घड्याळाकडे पाहायचं धाडस होईना. आत्या समोर बसून हेडफोनची वायर नीट गुंडाळत होती, कायमचं ठेवून द्यायच्या वस्तूची गुंडाळतात तशी.  मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. पण रागात माझं डोकं बरं चालतं. परवा ज्या कर्नलवर कार्ड गात होतं त्याच कर्नलवर आज ते मुकं असेल तर कर्नलचा दोष नाही. ड्रायव्हर बांधायचा राहिला होता हे खरं, पण तो निराळा रोग. मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला शिकवते की आधी वर्गाची हजेरी घ्या, मग कोण गोंधळ घालतंय ते बघा. लॅपटॉपमध्ये कोणकोणती उपकरणं जागेवर आहेत याची हजेरी घेणारी एक साधी आज्ञा असते. ती दिली. सगळे हजर, साउंड कार्ड गैरहजर. म्हणजे दुभाष्यानं बोलायचं तर समोर कुणी नव्हतंच.

खटका दाबून मी कार्ड बाहेर ओढलं. ते नेहमीसारखं अलगद आलं नाही, अडलं. हातात घेऊन पाहिलं तर टोकाला, जिथं सोनेरी बारीक दातांची रांग असते, नेमकं तिथंच चंदनाचं गंध वाळून घट्ट बसलं होतं. गंधावर कुंकू. कुंकवावर चिकटलेली एक अक्षता, अर्धी चिरडलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. नवऱ्यानं दोन्ही हात वर केले, लॅपटॉपच्या झाकणावरचं गंध तेवढं माझं, म्हणाला. कार्ड त्यानं पाहिलंही नव्हतं.

मी काय विचारते ते आत्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिनं कार्डाकडे बोट दाखवलं.

"मी लावले. पूजेत अस्कांनी आपल आपल आयुध ठेवले. तू ती पेटी ठेवलीस. माझ आयुध ते. मी रुमालात देवीपुढे ठेवले, मुखाला गंध लावले." मग तिनं विचारलं, "चूक झाली काय?"

 जी वस्तू मी बाजारातून उचलून आणली, जिचा ड्रायव्हर बांधता येतो याचा मला एवढा अभिमान, तिला तोंड कुठे आहे हे या बाईनं शोधून काढलं होतं आणि तिथं भक्तिभावानं गंध लावलं होतं. हसावं की रडावं अशी अवस्था होते म्हणतात, माझी दोन्ही एकदम झाली. मी तिच्या कानाशी जाऊन मोठ्यांदा म्हटलं की चूक नाही, पण गंध निघेपर्यंत देवी बोलू देणार नाही. आणि कामाला लागले.

औषधांच्या कपाटातलं स्पिरिट, कापूस आणि खोडरबर. सोनेरी दात मी एकेक करून पुसले, खोबणीत फुंकर मारली आणि नवरात्रात मांडतो त्या कोलूच्या बाहुल्या झटकायच्या मऊ ब्रशनं आतला चुरा काढला. नवरा टॉर्च धरून उभा होता आणि राहुकाळाला किती अवकाश आहे ते मिनिटामिनिटाला सांगत होता. शेवटी मी त्याला गप्प बसायला सांगितलं. कार्ड पुन्हा सरकवलं, या वेळी टक असा नेहमीचा आवाज आला. लॅपटॉप सुरू केला, तोही नव्या कर्नलवर, कारण तोवर दुभाष्या तिथं तयार होता आणि बांधलेला ड्रायव्हर वाया घालवायची माझी तयारी नव्हती. हजेरी घेतली. कार्ड हजर. कोपऱ्यातली फुली गेलेली.

बंगळूरला पुन्हा व्हिडिओ जोडला, तेव्हा हेडफोनमधून मला तिकडच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू आली. मी हेडफोन आत्याच्या हातात देऊ लागले. ती घेईना. पुन्हा ती शांतता ऐकायची तिची तयारी नव्हती, हे मला दिसलं. मी ते तिच्या मांडीवर ठेवले आणि बाजूला झाले. कार्ड माझं काम होतं, ते मी केलं होतं. पुढचं मला करता येण्यासारखं नव्हतं.

तिनं ते कानांवर चढवले. पंख्याची घरघर तिला ऐकू आली असावी, कारण पाठ ताठ झाली. तिनं मायलेकरांना बसायला सांगितलं, देवीचं स्मरण केलं, आणि स्वतः षड्ज लावला. मग मुलीला खूण केली.

मुलगी कंटाळलेली होती, गजरा एका बाजूला आला होता. तिनं खालचा सा म्हटला. आत्यानं मान हलवली. प म्हटला. मान हलली. मग मुलीनं वरचा सा घेतला, बारीक, सुतासारखा. आत्याचा चेहरा तसाच राहिला. मान हलली नाही.  माझा हात आपोआप आवाज वाढवायच्या बटणाकडे गेला, तर आत्यानं न पाहता माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं.

"आणखी एकदा," ती पडद्याला म्हणाली.

मुलीनं पुन्हा घेतला. आत्यानं डोळे मिटले होते. मला तर दोन्ही वेळचा सा अगदी बरोबर वाटला होता, तिच्या आईलाही वाटला असावा, कारण ती कौतुकानं हसत होती.

"खाली येऊंलागलाय. केसाएवढा. वर घे."

मुलीनं भुवया उंचावल्या, मान ताणली आणि तो केसाएवढा वर घेतला. आता मलाही फरक कळला. आत्यानं मान हलवली आणि तसाच धरून ठेवायला हात वर केला, पोरीचा श्वास संपेपर्यंत.

पाठ बराच वेळ चालला. राहुकाळ लागला तो आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आला नाही. सगळं आटोपल्यावर मुलीला प्रसादाचा लाडू खायला आत पाठवून तिची आई पडद्याजवळ आली. आत्याशी बोलताना तिचा आवाज अजूनही शाळकरी होतो. तिनं भीतभीतच विचारलं, टीचर, आवाज कसा आहे तिचा?

आत्या हेडफोन काढत नव्हती. दोन्ही हातांनी तिनं ते कानांवर धरले होते.

"ऐकूं आला," ती म्हणाली.

शिष्यिणीनं मान खाली घातली. टीचरांकडून कौतुक नेहमी मोजूनमापूनच मिळतं, त्यात सहा वर्षांच्या पोरीला काय मिळणार, असं तिला वाटलं असणार. तिनं नमस्कार केला आणि पुढच्या शुक्रवारची वेळ विचारली. मी लॅपटॉपमागच्या वायरी उगाचच नीट करत राहिले, कारण मला तोंड वर करता येत नव्हतं.